देणाऱ्याचे आरोग्य



परोपकाराने पुण्य लाभते, हे आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परोपकाराने प्रकृतीही सुधारते, असे मात्र गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतच विशेषेकरून म्हटले जाऊ लागले आहे. पहिल्या विधानाचा पडताळा इहलोकी घेता येत नाही. दुसऱ्याचा घेता येतो, आणि निरनिराळ्या देशांतील वैद्यकतज्ज्ञांनी व मानसशास्त्रज्ञांनी तो घेण्याचा प्रयत्न केलेला आहे. त्यांना काय आढळले, त्यातले कितपत विश्वासार्ह आहे, आणि आपल्या घरातील व शेजारातील जीवनाशी त्याचा संबंध कोणता, याचा विचार आज आपल्यापुढे मांडावा असा माझा हेतू आहे.

हा विचार तंजावरात करण्याला एक विशेष कारण आहे. या नगरीत एके काळी दान हे कुणाच्या लहरीवर सोडलेले नव्हते. त्याला घर होते, उत्पन्न होते, नेमलेली माणसे होती आणि नियम होते. ते नियम कोणते होते याची लेखी नोंदही उपलब्ध आहे. विज्ञान आज ज्या प्रश्नापाशी येऊन थांबले आहे, त्या प्रश्नाचे एक व्यावहारिक उत्तर या नोंदीत दडलेले आहे असे मला वाटते. म्हणून आधी इतिहासाकडे वळू.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तंजावरात भोसल्यांची सत्ता स्थापन केली. ती सुमारे पावणेदोनशे वर्षे टिकली. या घराण्यातील सर्वांत विद्याव्यासंगी राजे म्हणजे दुसरे सरफोजी. त्यांचा जन्म १७७७ मधला. तुळजाजी राजांनी त्यांना दत्तक घेतले, श्वार्ट्झ नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाने त्यांच्या शिक्षणाकडे लक्ष पुरविले, आणि १७९८ मध्ये ते गादीवर आले. परंतु पुढल्याच वर्षी, १७९९ मध्ये, झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजींकडे किल्ला, राजा हा मान आणि उत्पन्नातील ठरीव हिस्सा एवढेच उरले. वयाच्या बाविसाव्या वर्षी या तरुणाच्या हातून राज्य करण्याचे कामच काढून घेतले गेले.

अशा अवस्थेत सापडलेले कित्येक संस्थानिक पुढे काय करीत, हे आपणास ठाऊक आहे. शिकार, नाचगाणी, कर्ज आणि दरबारातील कलह यांत त्यांची आयुष्ये गेली. सरफोजींनी आपली शक्ती निराळ्या दिशेला लावली. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी केलेली वाढ जगप्रसिद्ध आहे. त्यांचे दुसरे काम धन्वंतरी महालातले. तेथे देशी वैद्यकाचा अभ्यास होई, औषधे सिद्ध केली जात आणि रोग्यांवर उपचार होत. अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यात ग्रथित करण्यात आले. ‘शरभेंद्र’ या नावाने हे वैद्यकग्रंथ ओळखले जातात. नेत्ररोग्यांच्या उपचारांची टिपणे, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महालात जतन झालेली आहेत. आधुनिक नेत्रतज्ज्ञांनीही त्यांचा अभ्यास केला आहे. सामान्य रोग्याची तक्रार, तिचे स्वरूप आणि झालेला गुण इतक्या काळजीने लिहून ठेवावा, असे त्या काळी फार थोड्यांना सुचले.

त्यांचे तिसरे काम छत्रांचे, आणि आजच्या विषयाशी त्याचाच संबंध निकटचा आहे. तमिळमध्ये ज्याला ‘चत्तिरम्’ म्हणतात, ते मराठीत छत्र किंवा अन्नछत्र. उत्तरेकडून रामेश्वराला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट तंजावर प्रांतातून जात असे. या वाटेवर आणि इतरत्रही भोसले राजांनी छत्रे बांधली. त्यांतील कित्येकांना राजस्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलम् येथील यमुनांबाळ छत्र हे एक, आणि तंजावरच्या आग्नेयेस ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र हे दुसरे. मुक्तांबाळ ही सरफोजींची प्रिय सहचारिणी. आपल्या नावाने अन्नछत्र उभारावे अशी इच्छा तिने मृत्युसमयी व्यक्त केली, अशी परंपरागत कथा आहे. तिच्या नावाचे हे छत्र एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी उभे राहिले.

छत्रांच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिलेले असे. कारभार कंपनीकडे गेल्यावर या उत्पन्नाचे काय होणार, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. १८०१ मध्ये सरफोजींनी ब्रिटिश रेसिडेंटला एक सविस्तर पत्र लिहिले. छत्रांत काय चालते याचे वर्णन त्यांनी या पत्रात केले आहे. त्या वर्णनाचा सारांश मी सांगतो.

छत्रात येणाऱ्या वाटसरूला, तो ब्राह्मण असो, जोगी असो, जंगम असो, बैरागी असो, की समाजाने अगदी खालच्या पायरीवर ठेवलेल्या जातीचा असो, शिजवलेला भात मिळे. ज्याला दुसऱ्याच्या हातचे शिजवलेले चालत नसे, त्याला कोरडा शिधा दिला जाई. हे अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा केला जाई, की अद्याप जो कोणी उपाशी असेल त्याने यावे आणि आपले अन्न घ्यावे. वाटेत आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचे जेवण मिळे. त्यासाठी रोगांवर, सुजेवर आणि सर्पविषावर इलाज करणारे वैद्य नेमलेले असत. तान्ह्या मुलांना दूध मिळे. गर्भवती स्त्रियांची विशेष काळजी घेतली जाई. छत्रात कुणी प्रसूत झाली तर तिचा सारा खर्च छत्र करी आणि पुढे तीन महिने तिला तेथे राहता येई. परक्या मुलुखातील आईबाप वाटेत वारले, तर त्यांच्या पोरक्या मुलांना शिक्षकाच्या हाती सोपवून त्यांचे अन्नवस्त्र व शिक्षण छत्रातून होई. कुणी मरण पावला तर ज्याच्या त्याच्या जातीच्या रिवाजाप्रमाणे अंत्यविधी होई.

त्या काळची जातिव्यवस्था छत्राच्या उंबऱ्याबाहेर थांबत होती, असा याचा अर्थ नव्हे. वर्णनातच तिच्या खुणा आहेत. परंतु भूक, आजार, बाळंतपण, पोरकेपण आणि मरण या पाच प्रसंगी माणूस एकटा पडू नये, अशी ही तरतूद होती. पत्रात राजे आणखी एक गोष्ट सांगतात. या धर्मकृत्यांमुळे तंजावरला धर्मराज्य म्हणतात, आणि हे नाव आपण आपल्या राज्याचे सर्वांत मोठे भूषण समजतो. ज्याचे राज्य नुकतेच गेले आहे अशा राजाचे हे उद्गार आहेत. आपल्या जीवनाचा अर्थ त्याने सत्तेवरून उचलून सेवेवर ठेवला आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. दानाने आयुष्य वाढते याचा दाखला म्हणून मी सरफोजींचे नाव घेत नाही. ते १८३२ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी वारले. एका माणसाच्या चरित्रावरून असे नियम काढता येत नाहीत. त्यासाठी शेकडो, हजारो माणसांची वर्षानुवर्षे पाहणी करावी लागते. आता त्या पाहण्यांकडे वळू.

प्रथम व्यापक निष्कर्ष सांगतो. २०१० मध्ये १४८ पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांचा समावेश होता. ज्यांचे इतरांशी संबंध भरघोस होते, त्यांची त्या त्या पाहणीच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता एकाकी माणसांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. माणसाला माणूस लागतो, हे आपल्याला नवे नाही. परंतु या ‘लागण्या’त दोन बाजू आहेत, घेण्याची आणि देण्याची. आरोग्याचा लाभ कोणत्या बाजूने होतो?

हा प्रश्न अमेरिकेतील स्टेफनी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. डेट्रॉइट परिसरातील ४२३ वृद्ध दांपत्यांची माहिती त्यांनी अभ्यासली. नातलग, मित्र, शेजारी यांच्या कामाला आपण किती जातो, आणि त्यांची आपल्याला किती मदत होते, असे दोन्ही प्रश्न या दांपत्यांना विचारलेले होते. पाच वर्षांतील मृत्यूंची नोंद घेण्यात आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की इतरांच्या उपयोगी पडणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी होते. केवळ मदत मिळविणाऱ्यांना तसा लाभ दिसला नाही. बाजारातून कुणाचे सामान आणून देणे, नातवंडे सांभाळणे, शेजाऱ्याला गाडीतून दवाखान्यात नेणे, अशीच ही मदत होती. तीत असामान्य असे काहीच नव्हते.

त्यापूर्वी १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका पाहणीत, पंचावन्न वर्षांवरील जी माणसे दोन किंवा अधिक संस्थांमध्ये विनावेतन काम करीत होती, त्यांचे मृत्युप्रमाण इतरांपेक्षा बरेच कमी आढळले. प्रकृती, व्यायाम, धूम्रपान यांचा फरक हिशेबात घेतल्यावरही ते ४४ टक्क्यांनी कमी होते.

येथे आपल्यातील चिकित्सक श्रोता हात वर करील, आणि त्याने तो करावाच. तो म्हणेल, ज्याची प्रकृती धड आहे तोच दुसऱ्याच्या मदतीला धावतो. अंथरुणाला खिळलेला काय धावणार? मग आरोग्यामुळे सेवा घडते, की सेवेमुळे आरोग्य? शंका रास्त आहे. संशोधक प्रकृतीचा फरक वजा करून पाहतात, पण तो पूर्णपणे वजा झाला असे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून दुसरी पद्धत अवलंबिली जाते. माणसांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडावयाचे, एकाला सेवेचे काम द्यावयाचे, दुसऱ्याला थांबवून ठेवावयाचे, आणि मग तुलना करावयाची.

कॅनडात असा प्रयोग झाला. दहावीच्या वर्गातील १०६ विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना सुमारे दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, प्राथमिक शाळेतील मुलांबरोबर काम करण्यास पाठविले. उरलेल्यांना नंतर पाठवावयाचे ठरले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, काम केलेल्या मुलांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल आणि शरीरातील दाहाची एक खूण इतरांपेक्षा कमी आढळली. ज्यांच्या मनात परक्याविषयीची कणव अधिक वाढली, त्यांच्यात हा फरकही अधिक होता. त्याच वर्षी अशा अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा इंग्लंडात घेतला गेला. स्वयंसेवा करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी कमी दिसते, परंतु चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगांतून शारीरिक लाभाचा निर्णायक पुरावा अद्याप मिळत नाही, असे त्या आढाव्याने नमूद केले. तात्पर्य, सेवा हे मधुमेहावरील किंवा रक्तदाबावरील औषध नव्हे. ज्याला गोळी लागू आहे त्याने ती घेतलीच पाहिजे. सेवेने मन प्रसन्न राहते, एकाकीपण ओसरते, दिवसाला आकार येतो, आणि बहुधा या वाटेने शरीरालाही लाभ पोहोचतो, एवढे म्हणण्यास आधार आहे.

हा लाभ कसा पोहोचत असावा? काळजीत आणि भयात शरीर सतत कंबर कसून उभे असते. हृदयाची गती वाढते, रक्तदाब चढतो, कॉर्टिसॉलसारखे स्राव वाढतात. हा ताण तात्पुरता असेल तर उपकारक असतो. तो ठाण मांडून बसला तर रक्तवाहिन्या, झोप आणि रोगप्रतिकारशक्ती या सर्वांची झीज होते. ज्याचे लक्ष रात्रंदिवस स्वतःच्या चिंतेकडेच लागलेले असते, त्याचे शरीर कंबर सैल करीत नाही. दुसऱ्याचे काम हाती घेतले की लक्षाचे केंद्र हलते. शिवाय, आपण कुणाला तरी हवे आहोत ही जाणीव माणसाला सकाळी अंथरुणातून उठविते, चार पावले चालविते, वेळेवर जेवावयास लावते. २००६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात असेही दिसले, की सत्कार्याला पैसे देताना मेंदूतील जी केंद्रे जागृत होतात, त्यांत स्वतःला पैसे मिळताना जागृत होणारी केंद्रेही असतात. देणे हे निसर्गतःच सुखाचे आहे. ते केवळ शिकवणुकीने अंगी लादलेले नाही.

आणि देणगीचा आकार? व्हँकुव्हरमधील एका प्रयोगात ४६ जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देण्यात आले. काहींनी ते संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करावेत आणि काहींनी दुसऱ्यावर, असे सांगितले होते. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी होते, आणि रक्कम पाचाची की विसाची याने फरक पडला नाही. म्हणजे हे सुख धनवंतांची मक्तेदारी नाही.

येथवरचे ऐकून आपल्याला वाटेल, की मग प्रश्न सुटला. अधिक सेवा करावी आणि अधिक निरोगी व्हावे! परंतु याच शास्त्राने दोन अशा गोष्टी दाखविल्या आहेत, की त्या सांगितल्याविना हा विषय सोडणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिली गोष्ट हेतूची. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातून १९५७ मध्ये शाळा सोडून बाहेर पडलेल्या हजारो स्त्रीपुरुषांचा मागोवा दशकानुदशके घेतला गेला आहे. त्यांच्यापैकी जे स्वयंसेवा करीत होते, त्यांना २००४ मध्ये कारणे विचारण्यात आली. चार वर्षांनंतर पाहता असे दिसले, की इतरांविषयीच्या आस्थेने काम करणाऱ्यांत मृत्यू कमी घडले होते. स्वतःला बरे वाटावे, स्वतःच्या अडचणी विसराव्यात अशा हेतूने काम करणाऱ्यांचे प्रमाण मात्र सेवा मुळीच न करणाऱ्यांइतकेच होते. पाहा, केवढी गंमत आहे! आरोग्यासाठी म्हणून जो सेवा करतो, त्याच्या हाती आरोग्य लागत नाही. ही सावली आहे. तिच्या मागे लागले तर ती पुढे पळते, आपल्या वाटेने चालू लागले तर ती सोबत येते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १९९९ मध्येच, आजारी जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वृद्ध पतिपत्नींची एक अमेरिकन पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांना त्या शुश्रूषेचा मनावर आणि शरीरावर ताण जाणवत होता, त्यांच्यात चार वर्षांच्या अवधीत मृत्यूचे प्रमाण, तशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक होते. ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. म्हणजे जी सेवा एकाला तारते तीच दुसऱ्याला मारते.

हा आकडा परदेशातला असला तरी त्याचे चित्र आपल्या घरोघरी आहे. अर्धांगवायूने पडलेल्या सासऱ्यांचे सारे करणारी सून. विस्मृतीने ग्रासलेल्या पतीला रात्री तीनदा उठून परत अंथरुणावर आणणारी सत्तरीची पत्नी. नोकरी सोडून आईपाशी राहिलेली अविवाहित मुलगी. आपण त्यांना काय देतो? प्रशंसा देतो. ‘केवढी सेवा करते हो!’ असे म्हणतो, समारंभात तिचे उदाहरण देतो, आणि आपापल्या घरी निघून जातो. जिचे कौतुक सर्वांनी करावे आणि जिचे काम कुणीही वाटून घेऊ नये, ती बाई हळूहळू झिजते. तिची पाठ दुखते, झोप जाते, स्वतःचे औषध आणावयास तिला सवड मिळत नाही. अशा स्त्रीला जाऊन परोपकाराने आरोग्य लाभते असे सांगणे ही क्रूर थट्टा होईल.

मग तारणाऱ्या सेवेत आणि मारणाऱ्या सेवेत फरक कोणता? येथे मला पुन्हा छत्राची आठवण होते. १८०१ च्या त्या वर्णनात जी कामे आली आहेत, ती मोजून पाहा. स्वयंपाक, वाढणे, औषध, पथ्य, बाळंतपण, मुलांचे शिक्षण, अंत्यविधी. यांतले प्रत्येक काम करण्यास माणूस वेगळा. आचारी वैद्यकी करीत नव्हता, वैद्य मुलांना शिकवीत नव्हता. खर्चाची चिंता यांपैकी कुणाच्याच डोक्यावर नव्हती, कारण तिच्यासाठी गावांचे उत्पन्न लावलेले होते. सेवेला मर्यादाही होत्या. अन्न मध्यरात्रीपर्यंत, बाळंतिणीचा मुक्काम तीन महिने. मध्यरात्रीची ती घंटा ही तर मला फार अर्थपूर्ण वाटते. उपाशी राहिलेल्याला ती शेवटचे बोलावणे होती, आणि राबणाऱ्याला आजचे काम संपत आल्याची खूण होती. एका माणसाची करुणा केव्हा ना केव्हा थकते. दहा माणसांत वाटलेली करुणा सकाळी पुन्हा चूल पेटवू शकते.

आधुनिक संशोधनाचे सारही हेच निघते. सेवा लाभदायक ठरते ती आपखुशीने केलेली, शक्तीच्या मापातली, नियमित, आणि इतरांच्या सोबतीने केलेली असेल तर. निरुपायाने, एकट्याने, अहोरात्र आणि अंत दिसत नसताना केलेली सेवा शरीर पोखरते. अर्थात, हा फरक सेवा करणाऱ्याच्या सद्गुणांत नसतो. तो भोवतालच्या व्यवस्थेत असतो. आणि व्यवस्था करणे हे तुमचे-माझे, म्हणजे समाजाचे काम आहे.

आणखी एक मुद्दा राहिला. देण्याने जर देणाऱ्याचे भले होत असेल, तर ज्याला आपण नेहमी घेणाराच समजतो, त्याचे काय? आजारी, वृद्ध, अपंग यांना आपण सारे काही देतो. देण्याची संधी मात्र त्यांच्यापासून हिरावून घेतो. या बाबतीत महाराष्ट्रातील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा गावाजवळ बाबा आमटे आणि साधनाताई आमटे यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन वसविले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये, एवढ्यावर आरंभ झाला असे सांगतात. तेथे औषध होतेच, परंतु भर कामावर होता. रुग्णांनी विहीर खणली, खडकाळ जमीन लागवडीस आणली, घरे बांधली. आणि १९६४ मध्ये आनंदवनात महाविद्यालय सुरू झाले, ते परिसरातील निरोगी मुलांसाठी! ज्यांच्या सावलीला लोक भीत होते, त्यांच्या भूमीवर त्या लोकांची मुले शिकावयास येऊ लागली. बोटे झडलेल्या माणसाला औषधाने जंतूंपासून मुक्ती मिळाली असेल. ‘मी कुणाला तरी काही देऊ शकतो’ या जाणिवेने जे मिळाले, ते औषधाच्या पलीकडचे होते.

आपल्या घरातील आजोबांच्या हातून भाजीची पिशवी काढून घेताना हे ध्यानी असू द्यावे. त्यांना विश्रांती हवी असेल तर अवश्य द्यावी. परंतु नातवाचा पाढा ऐकणे, शेंगा सोलणे, शेजारच्या मुलीला अर्ज लिहून देणे, ही कामे त्यांच्याकडेच राहू द्यावीत. ‘तुम्ही काही करू नका, नुसते बसून राहा’ हे वाक्य आपण प्रेमाने बोलतो. ऐकणाऱ्याला ते ‘तुमची आता गरज नाही’ असे ऐकू येते.

मग आपण प्रत्यक्ष काय करावे? मोठे संकल्प सोडावयास मी सांगत नाही. तीन साध्या गोष्टी सुचवितो. ज्याला सवड आहे त्याने आठवड्यातील एक ठरावीक वेळ एका ठरावीक कामाला द्यावी. रुग्णालयात नातेवाइकांवाचून पडलेल्या रोग्यापाशी बसणे, ग्रंथालयात दृष्टिहीन विद्यार्थ्याला वाचून दाखविणे, असे काहीही चालेल, पण ते नेमाने करावे. एकदाच उत्साहाने धावणाऱ्यापेक्षा दर गुरुवारी पाच वाजता येणारा माणूस रोग्याला अधिक मोलाचा वाटतो.

ज्याच्या शेजारात किंवा नात्यात कुणी एकटीच एखाद्या रोग्याची शुश्रूषा करीत असेल, त्याने तिचे कौतुक करण्याआधी तिला दोन तासांची सुट्टी द्यावी. ‘काही लागले तर सांगा’ एवढ्याने भागत नाही, कारण ती कधीच सांगणार नाही. ‘मंगळवारी दुपारी मी येऊन बसतो, आपण झोप काढा’ असे म्हणावे, आणि मंगळवारी जावे. अशी चार घरे मिळून चार वार वाटून घेतील तर गल्लीत एक छत्रच उभे राहील. त्याला गावांचे उत्पन्न लागत नाही.

आणि जी व्यक्ती स्वतः अशा शुश्रूषेत बुडालेली आहे, तिला माझे सांगणे एवढेच, की मदत मागणे हा सेवेतला उणेपणा नव्हे. आपले जेवण, आपली झोप आणि आपले औषध ही रोग्याच्याच पथ्यपाण्याची अंगे समजावीत. आपण कोसळलात तर आजारी एकाचे दोन होतील, आणि मग पाहणारे कुणीच उरणार नाही.

भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये संपले. छत्रांचा कारभार पुढे सरकारी यंत्रणेकडे गेला. पायी जाणारे यात्रेकरू उरले नाहीत, रामेश्वराला आगगाडी जाऊ लागली. परंतु माणूस भुकेला होतो, आजारी पडतो, म्हातारा होतो, पोरका होतो, हे काही बदललेले नाही. त्याच्यापाशी जाणारा माणूस स्वतःही थोडा बरा होऊन परततो, हेही बदललेले नाही. फक्त त्या जाणाऱ्याला एकटे पाठवू नये, एवढीच माझी विनंती आहे.